सतरावं चित्र

होळी झाली की ठाण्याच्या खाडीवरून येणारा वारा बदलतो. आधी तो नुसताच वारा असतो, मग त्याला चव येते. कचेरी सुटल्यावर जरा कोपरीच्या अंगाला गेलं की ओठ खारट होतात, चष्म्याच्या काचा धुरकटतात, आणि रुळांपलीकडच्या मिठागरांत बांधांवर पांढरे ढीग एकेक करून उभे राहायला लागतात. या दिवसांत कुणाला आंबे आठवतात, कुणाला परीक्षा. मला माझा गाढवपणा आठवतो. तसा तो बाराही महिने आठवायला हरकत नाही, साठा भरपूर आहे. पण मीठ पिकायला लागलं की त्यातला एक नेमका वर येतो, आणि तो आला की मी भर रस्त्यात एकटाच असलो तरी मोठ्यानं खाकरतो. बायकोला वाटतं, मला घशाचा विकार आहे. तिनं काढे सुरू केले आहेत. मी ते मुकाट्यानं पितो. काही तरी शिक्षा हवीच.

विनायक माझा शाळेपासूनचा मित्र. मुंबईला चित्रकलेचं शिक्षण घेऊन तो परत आला आणि ठाण्यातच एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. लोक त्याच्याकडे वडिलांचा जुना फोटो घेऊन यायचे, ‘याच्यावरून मोठं करून द्या, अंगात कोट घाला’ म्हणायचे. तो नाही म्हणायचा. भांडून नव्हे, संकोचून. ‘मी त्यांना पाहिलेलं नाही हो,’ म्हणायचा. आता वारलेल्या माणसाला पाहणार कसं? पण विन्याचं हे एकच तत्त्व होतं: जे पाहिलं नाही ते काढायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यानं हिराबायचा वाफा धरला.

हिराबाय कोपरीची आगरीण. तिच्या घरच्यांकडे मिठागराचे चार वाफे होते, पिढ्यान्‌पिढ्या तेच करणारी माणसं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात ते जड झालं, दुधासारखी साय धरायला लागलं, की रोज पहाटे लांब दांड्याची लाकडी फळी फिरवून ती साय मोडायची. नाही मोडली तर मिठाचा दाणा धरत नाही, नुसती खपली होते. मी दोनदा विनायकबरोबर गेलो होतो. बांधावर चालताना चपलेखाली कुरकुर वाजायचं. चिखलाचा एक गोडसर कुजका वास, फळीचा सर्रऽऽ असा आवाज, आणि समोर काय? काही नाही. वर बांधाची एक काळपट पट्टी, आणि खाली सगळं रिकामं. पाणी म्हणा, मीठ म्हणा, ऊन म्हणा. डोळे दिपून त्यात काहीच दिसत नसे.

विनायक रोज सात वाजता बांधावरच्या त्याच दगडावर बसायचा आणि तासाभरात एक चित्र करायचा. जलरंगात. वर काळपट पट्टी, खाली रिकामं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळपट पट्टी, खाली रिकामं. असे अठ्ठावीस दिवस.

“मास्तर,” हिराबाय कमरेवर हात ठेवून विचारायची, “ह्यो वाफा काल काढला ना तुमी?”

“काढला की.”

“मंग आज काय नवीन हाय त्यान?”

“तेच बघायला आलोय, बाय.”

“बसा मंग,” ती म्हणायची. “आमी पन त्याचसाटी येतो.”

मी मात्र विनायकला सोडत नव्हतो. “विन्या, एक रबरी शिक्का करून घे. शाई लाव आणि मार अठ्ठावीस वेळा. सुट्टीत गावाला तरी जाता येईल.”

तो विचार करून म्हणाला, “चालेल. पण रोज नवा शिक्का करावा लागेल रे.”

याला विनोद कळत नाही असं मी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं. हे सांगणारा मी कोण? मी रोज साडेदहाला कचेरीत जाऊन ‘सविनय सादर’ लिहायचो, पाच वाजता ‘आपला आज्ञाधारक’ लिहून उठायचो, आणि मधल्या साडेसहा तासांत काय लिहिलं ते संध्याकाळी मला सांगता येत नसे. तेच टेबल, तीच फाईल, डब्यात तीच कोबीची भाजी. आणि मी हसत होतो विनायकला.

शिवाय मी कलेतला जाणकार होतो. हसू नका. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पास झालो होतो, दुसरीत तर वरच्या श्रेणीत. अक्षर माझं वळणदार, त्यामुळे कुठल्याही सभेचा फलक मीच रंगवायचो. आमचं एक कलामंडळ होतं, सभासद सात, त्यांतले तीन कधीच यायचे नाहीत. उरलेल्या चौघांचा चिटणीस मी. तेव्हा कल्याणच्या एका वाचनालयानं ‘उन्हाळी व्याख्यानांच्या जोडीला एखादं चित्रप्रदर्शन भरवा की’ असं विचारलं, तेव्हा मीच पुढे होऊन विनायकची अठ्ठावीस चित्रं देतो म्हणालो. विनायक तयार होत नव्हता. मीच त्याच्या गळी उतरवलं. का, तर उद्‌घाटनाला भाषण करायला मिळणार होतं. विषयसुद्धा ठरवून टाकला होता: ‘आधुनिक चित्रकलेतील पुनरुक्ती आणि रिक्तता’. अर्थ मला माहीत नव्हता, पण उच्चारायला भारदस्त होता.

चित्रं न्यायची कशी, तर तीही कल्पना माझीच. मिठाची चित्रं मिठाच्या पडावातून न्यायची! तेव्हा ठाण्याच्या बंदरावरून कल्याणला मिठाचे पडाव खाडीनं जायचे. विनायक दुसऱ्या दिवशी गाडीनं येणार होता, मी एकटाच चित्रांचं बाड घेऊन पडावात चढलो. नेसलेलं पांढरं शुभ्र धोतर, काखेत रंगांची पेटी आणि फलकासाठी कोरे कागद, आणि दुसऱ्या हातात आत्यानं कल्याणच्या ताईसाठी दिलेली नव्या कैरीच्या लोणच्याची बरणी. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला.

तो प्रवास अजून अंगावर आहे. भरतीच्या पाण्यावर पडाव संथ चाललेला, उजवीकडे मुंब्र्याचा डोंगर उन्हात तापून जांभळट झालेला, मग दिव्याच्या बाजूची खाजणं, तिवरांच्या मुळांत खेकडे. वल्ह्याचा थेंब हातावर पडला की वाळून तिथे पांढरा ठिपका राहायचा. पडाव हाकणाऱ्या तांडेलानं विचारलं, “बाडात काय हाय?” मी म्हटलं, “मीठ.” तो खाली मिठाकडे बघून म्हणाला, “मंग वेगलं कशाला ठेवलंव?” या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला झोप लागली. झोपण्याआधी बरणी कलंडू नये म्हणून मी तिला एक सपाट, पक्की जागा शोधून दिली होती.

बाडावर.

जाग आली ती खमंग वासानं. डोंबिवलीच्या बाजूला पडाव कशाला तरी घासला होता, बरणी कलली होती, दादरा भिजला होता, आणि लाल तेलाचा एक ओहोळ बाडाच्या दुमडीतून आत गेला होता. वरची चित्रं वाचली. खालचीही वाचली. मधलं एक कडेला बाहेर आलं होतं, त्यानं सगळं पिऊन घेतलं. खाली पेन्सिलीनं आकडा होता: १७.

ताईच्या घरी पोचल्यावर मी ओसरीत बसून तासभर ते पुसत होतो. आधी रुमालानं, मग कणकेच्या गोळीनं, मग ब्लेडनं. तेलाचा डाग पसरत गेला आणि चित्र कमी होत गेलं.

ताई बाहेर आली. “काय रे हे! लोणचं बांधायला दुसरा कागद नव्हता?”

“अगं, चित्र आहे ते. विन्याचं.”

तिनं उरलेलं बाड चाळलं. “मग त्यात एवढं काय? ही सगळी तीच तर आहेत. त्याला म्हणावं, एक कमी झालं.”

एक कमी झालं म्हणायला मला तोंड नव्हतं. बाकी होतं काय, तर रंगांची पेटी, कोरे कागद आणि वरची श्रेणी. मी सोळावं चित्र डावीकडे ठेवलं, अठरावं उजवीकडे, आणि मधे कोरा कागद घेतला. दोन्हीकडे वर काळपट पट्टी होती. दोन्हीकडे रिकाम्या भागावर फळीच्या फिकट, समांतर, किंचित वाकलेल्या रेघा होत्या. मीही पट्टी मारली, रंग पातळ करून रिकामं भरलं, आणि रेघा ओढल्या. दुपारचा चहा होईपर्यंत सतरावं चित्र तयार झालं. खाली विनायकच्या वळणानं १७ घातला. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी खूष होतो. तीन चित्रं शेजारीशेजारी ठेवून ताईला विचारलं, “यातलं माझं कुठलं?” तिला सांगता आलं नाही. मला मनापासून वाटलं, आपण उगीच कारकून झालो.

खराब झालेला कागद मी ताईच्या बंबात घातला. तेल असल्यामुळे छान पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच बंबातल्या कढत पाण्यानं आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, भाषणाला गेलो.

भाषण उत्तम झालं. आपल्याला जी पुनरुक्ती वाटते ती पुनरुक्ती नसून प्रत्येक चित्र हा एक स्वतंत्र दिवस आहे, आणि जी रिक्तता वाटते ती रिक्तता नसून भरलेपणच आहे, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. हे सगळं विनायकचंच बोलणं, फक्त मोठ्या आवाजात. पहिल्या रांगेत कल्याणचे एक वकील बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, “भरलेपण असेल, पण आम्हाला तर वरून खाली पुसलेली पाटी दिसते.” हशा झाला. विनायक दाराशी उभा होता. स्वतःच्या चित्रांसमोर उभं राहायला तो नेहमीच लाजायचा. वकिलांनी त्याला गाठून विचारलं, “मास्तर, खरं सांगा, अठ्ठावीस वेळा तिथे जाऊन बसायची काय गरज? एक बघितलं की बाकीची घरी बसून होतात की!”

विनायक हळू म्हणाला, “होतील. पण यात जी रेघ तिथे नव्हती ती एकही नाही. एवढंच माझं म्हणणं आहे.”

मी पलीकडे खाकरलो. तिथूनच या विकाराची सुरुवात.

दुपारी चारच्या सुमारास हिराबाय आली. महिन्यापूर्वीच लग्न झालेली तिची लेक खाडीपलीकडे कोनगावात दिली होती. लेकीकडे आलेली असताना मास्तरांची चित्रं कल्याणात लागलीत असं कळलं, म्हणून लेकीला घेऊन आली. हिरवं लुगडं, हातात लेकीचा हात. वाचनालयातले लोक जरा बाजूला झाले. मी चिटणिसाला शोभेल असं हसून म्हटलं, “या बाय, बघा. आता यात काय बघायचं ते मी समजावून सांगतो.”

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पहिल्या चित्रासमोर उभी राहिली, मान कलती केली, आणि लेकीला म्हणाली, “ह्यो बग, पानी घेतला तो दिस.”

दुसऱ्यापाशी: “ह्या दिशी वारा खालचा व्हता. बग, मीठ समदा ह्या कोन्याला धरलाय.”

पाचव्यापाशी दोघी हसायला लागल्या. “ह्यो तुजा बापूस तापान निजलेला, मी एकलीनं फली मारली. रेघा बग कशा वाकऱ्या!”

मी पाहिलं. खरंच, पाचव्यातल्या रेघा वेड्यावाकड्या होत्या. चोवीस तास चित्रं माझ्याजवळ होती, मला त्या दिसल्या नव्हत्या. लोक आता तिच्या मागून चालायला लागले. वकीलसुद्धा. ती जत्रेत फिरल्यासारखी एकेक दिवस बोटानं दाखवत चालली होती: ह्या दिशी बांध फुटला, ह्या दिशी ढग आला व्हता. आणि विनायक, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या चित्रांच्या बाजूनं तिच्याबरोबर चालत होता. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. कुणी तरी त्याला त्याचीच पत्रं मोठ्यानं वाचून दाखवत होतं. मलाही आनंद झाला होता. पंधराव्यापर्यंत.

सोळावं झालं. ती सतराव्यासमोर आली आणि थांबली. पुढे जाऊन अठरावं बघितलं, परत मागे आली.

“मास्तर, ह्यो दिस झालाच नाय.”

“म्हणजे, बाय?”

“ह्या आदल्या चित्रान ढग आला, त्याचे दुसरे दिशी आमच्या हिची हलद. आगरावं कोनीच नवता आमचा. समदे मांडवान.” तिनं रेघांवर बोट ठेवलं. “मंग ही फली कोनी मारली?”

लेक म्हणाली, “आये, मास्तर तर म्हनालं व्हतं ना, हलदीच्या दिशी मी एकलाच बसलो व्हतो आगरावर?”

“त्याचसाटी इचारते,” हिराबाय म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं.

विनायक चित्राजवळ गेला. खूप वेळ बघत राहिला. माझ्या आणि त्याच्यामध्ये तीन हातांचं अंतर होतं. एक वाक्य पुरलं असतं: विन्या, ते मी काढलंय. पाच शब्द सुद्धा नाहीत. ते ओठांपर्यंत आलं. आणि मग मला काय दिसलं? लोणच्याची बरणी. हे लोक लोणच्यावरून हसतील, टेबलावर हात आपटणाऱ्या चिटणिसाला हसतील, वर्षानुवर्षं हसतील. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी खूप शोधलं आहे.

“मी चुकलो असेन, बाय,” विनायक म्हणाला. “हाताच्या सवयीनं ओढल्या असतील.”

“म्हणजे बघून काढलेलं नाही तर!” वकील म्हणाले. दुष्टपणानं नव्हे, कोर्टात साक्षीदार सापडल्यासारखे सहज. “आम्ही सकाळपासून तेच म्हणत होतो.”

या वेळी हशाही झाला नाही. प्रदर्शन तीन दिवस चालायचं होतं. विनायकनं त्याच संध्याकाळी चित्रं उतरवली. मी बाड बांधायला मदत केली. दोरीची गाठ फार सुबक मारली, हे आठवतं. गाठ मारताना तो म्हणाला, “एका दिवशी न बघता काढलं, आणि मला कळलंसुद्धा नाही. मग बाकीच्या सत्तावीस दिवसांचं काय सांगू?” मी म्हटलं, “जाऊ दे रे, एवढं मनाला लावून घेऊ नये.” हे वाक्य मी म्हटलेलं आहे. माझ्याच तोंडानं.

पावसाळ्यानंतर त्याच्या शाळेतली मुलं परीक्षेच्या सरावाची चित्रं जाड, उत्तम कागदावर काढताना दिसली. एक कागद उलटून पाहिला. वर काळपट पट्टी, खाली रिकामं.

पुढची होळी झाली, वाऱ्याला चव आली, हिराबायच्या वाफ्यानं साय धरली, आणि बांधावरचा दगड मोकळाच राहिला. कचेरीतून येताना मी तो रोज बघायचो. हिराबायनं एकदा हटकलं, “मास्तर येत नाय ते? माजा बोलना लागला काय त्याना?” तिला वाटत होतं, चूक तिची झाली. हे मात्र मला सोसवलं नाही. मी तसाच विनायकच्या खोलीवर गेलो.

तो मुलांचे सरावाचे कागद तपासत होता. घडा, वाटी, आणि शेजारी एक लिंबू. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: बाड, बरणी, ब्लेड, बंब. काहीही सोडलं नाही. सांगताना माझा आवाज फाटला, आणि मला त्या फाटण्याचासुद्धा थोडा अभिमान वाटला. मी असाच आहे.

त्यानं लाल पेन्सिल खाली ठेवली. “कसलं लोणचं?”

“कैरीचं.”

तो हसला. खरंच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो. वर्षभराचं ओझं उतरलं असं वाटून मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा.

“म्हणजे मी बघूनच काढलं होतं,” तो म्हणाला.

“बघूनच. तुझी एक रेघही खोटी नव्हती. विन्या, उद्यापासून जा परत. हिराबाय विचारत होती.”

त्यानं समोरचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाला, “खऱ्या सतराव्यात काय होतं रे?”

मी तोंड उघडलं. तासभर ते चित्र माझ्या मांडीवर होतं. नाक लावून मी ते पुसलं होतं. मला डाग आठवला, तेलाचा रंग आठवला, कोपऱ्यात चिकटलेला मेथीचा दाणा आठवला. चित्र आठवेना.

“नाही सांगता येत,” मी म्हटलं.

“मलाही नाही.” तो खिडकीबाहेर बघत होता. “मीठ असं कधी बघितलं नव्हतं, एवढं आठवतं. बांधावर माणूस नाही, फळी नाही, साय कुणी मोडलेली नाही. वर्षभर मी ते डोळ्यांपुढे आणायला बघतोय. वाफा येतो, पण त्याच्यावर रेघा असतातच. तुझ्या. त्या काही केल्या जात नाहीत.”

मी काही तरी बोललो असेन. काय ते आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

“चांगल्या ओढल्यास,” विनायक म्हणाला, आणि पुढच्या मुलाचा घडा तपासायला घेतला.